पांढऱ्यावरची गोळी

आमच्या नणंदेचं, म्हणजे ताईंचं, औषधाचं दुकान एसटी स्टँडच्या रस्त्याला आहे आणि मोठ्या जाऊबाई त्याच तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. एरवी दोघींचं छान जमतं. पण ‘अंगावरून पांढरं जाणं’ हा विषय निघाला की दोघी पदर खोचून उभ्या राहतात. मी धाकटी सून, डॉक्टर नाही आणि फार्मासिस्टही नाही, त्यामुळे दोघी मलाच पंच करतात. यंदा गौरी जेवल्या, पुरुषमंडळी आडवी झाली आणि सुपारी कातरता कातरता ताईंनी सुरुवात केली.

“दुकानात बाई येते. पुरुष गिऱ्हाईक उभं असेल तर आधी क्रोसिन मागते. मग पोराचं सर्दीचं औषध. मग उगाच बिस्किटाचा पुडा. काउंटर मोकळा झाला की खालच्या आवाजात, ‘ताई, पांढऱ्यावरची गोळी द्या.’ वहिनी, तिला मी काय सांगायचं? आधी डॉक्टरांकडे जा? ती जात नाही. ती पुढच्या दुकानात जाते आणि तिथे काउंटरवर अठरा वर्षांचा पोरगा बसलाय. तो काही न विचारता स्ट्रिप कापून देतो.”

“आणि तुम्ही विचारून देता,” जाऊबाई म्हणाल्या. “फ्लुकोनॅझोल, दीडशे मिलिग्रॅम, एकच गोळी. औषध चांगलंच आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही. पण तिला झालंय काय हे तुम्हाला कळलं कसं?”

“ती सांगते ना.”

“ती सांगते पांढरं जातंय. अहो, पांढरं प्रत्येकीचंच जातं. पाळीच्या मध्यावर पातळ आणि तार धरणारं, पाळीआधी जरा घट्ट, पोटुशी असताना तर जास्तच. हा आजार नव्हे. योनीत लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू वस्तीला असतात. डोडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरने 1892 सालीच त्यांचं वर्णन करून ठेवलंय. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणून तिथला पीएच 3.8 ते 4.5 एवढा आंबट राहतो आणि बऱ्याच उपद्रवी जंतूंचं तिथे काही चालत नाही. कॅन्डिडा ही बुरशीसुद्धा शंभरातल्या दहा-वीस जणींच्या योनीत काहीही त्रास न देता राहत असते. तिला हात लावायचा नसतो. ती माजते तेव्हा औषध.”

“ते मला ठाऊक आहे. माजली की खाज येते. नुसती खाज नाही, रात्री झोप लागू देत नाही अशी. बाहेरची कातडी लाल, सुजलेली, कधी चिरलेली. लघवी करताना बाहेरच्या बाजूला झोंबतं. स्राव दह्याच्या चोथ्यासारखा, वास जवळजवळ नाही. हे सगळं मी विचारते, तेही शेल्फांच्या मागे नेऊन. पाळी कधी आली, दिवस तर गेले नाहीत, शुगर आहे का, गेल्या पंधरवड्यात कुठली अँटिबायोटिक घेतली, ओटीपोटात दुखतंय का, ताप आहे का. तुमच्या ओपीडीत इतकं विचारतात?”

जाऊबाई हसल्या, पण मागे हटल्या नाहीत. 2002 साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीचा दाखला त्यांनी काढला. तिकडे 1990च्या सुमारापासून योनीतल्या बुरशीची मलमं आणि योनीत ठेवायच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. दुकानातून असं औषध घेऊन निघालेल्या 95 जणींची डॉक्टरांनी तपासणी केली. सगळ्यांची खात्री होती की आपल्याला बुरशीच झाली आहे. प्रत्यक्षात जेमतेम एक तृतीयांश जणींना ती होती. बाकीच्यांत कुणाला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडणं, कुणाला ट्रायकोमोनास हा परजीवी, कुणाला दोन-दोन गोष्टी एकदम आणि काहींना काहीच नाही. “आणि ऐका, ज्यांना आधी एकदा डॉक्टरने बुरशी सांगितली होती त्यांचाही अंदाज काही जास्त बरोबर आला नाही. पाकिटावरची माहिती वाचून घेतलेल्यांचाही नाही.”

“म्हणजे तुमच्या हिशेबाने मी तीनातल्या दोघींना चुकीची गोळी देते.”

“मी तसं म्हटलं नाही. तुम्ही प्रश्न विचारता, त्यामुळे तुमचा आकडा बरा असेल. पण वास तुम्हाला काउंटरवरून येत नाही, ताई.”

मग त्यांनी त्यांच्या तपासणीचं सांगितलं. ते इथे सविस्तर लिहिते, कारण कित्येक बायकांना ‘आतून तपासणी’ म्हणजे काहीतरी भयंकर वाटतं आणि त्यात नेमकं काय होतं ते कुणी सांगत नाही. स्पेक्युलम हे योनी उघडी धरायचं साधन घालून योनीच्या भिंती आणि गर्भाशयाचं तोंड बघतात. कापसाच्या काडीवर थोडा स्राव घेतात. आधी तो पीएचच्या कागदी पट्टीला लावतात. पट्टीचा रंग 4.5च्या वरचा आला तर नुसती बुरशी असण्याची शक्यता कमी, कारण कॅन्डिडामुळे तिथलं आम्ल फारसं बिघडत नाही. मग दोन काचपट्ट्या. एकीवर सलाइनचा थेंब, दुसरीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा. दुसरीवर स्राव टेकवताच मासळीसारखा वास उठला तर व्हजायनोसिस. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या पट्टीवर ट्रायकोमोनास असेल तर तो वळवळताना दिसतो. दुसऱ्या पट्टीवर हायड्रॉक्साइडने पेशी विरघळून जातात आणि बुरशीचे लांब तंतू व त्यांना फुटलेल्या कळ्या उरतात. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. स्लाइडवर काही दिसलं नाही आणि खाज मात्र तशीच असेल तर कल्चरला पाठवायचं, कारण ही स्लाइड बऱ्याच वेळा चकवते.

“पाच-सात मिनिटं टेबलावरची,” ताई म्हणाल्या. “त्याआधी घरी काय सांगून निघायचं, सासूला सोबत न्यायचं की टाळायचं, रोज बुडाला त्याचं काय, हे तुमच्या घड्याळात येत नाही. तुम्हीच मागे मला राणी बंगांचा गडचिरोलीचा अभ्यास वाचायला दिला होतात.”

हा अभ्यास दोघींच्या भांडणात नेहमी येतो आणि गंमत म्हणजे दोघी तो आपापल्या बाजूने वापरतात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. 92 टक्के जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. आणि त्यापूर्वी कधीही तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के.

“आठ टक्के, वहिनी. तुमची तपासणी कितीही चांगली असू दे, ती पोचते किती जणींपर्यंत? आता दिवस बदललेत, मान्य. पण माझ्या काउंटरवर येणाऱ्या निम्म्या बायका बाळंतपणाखेरीज कधी टेबलावर चढलेल्या नसतात.”

“पण 92 टक्के हे कळलं कशामुळे? तपासलं म्हणूनच ना? गोळ्या वाटल्या असत्या तर कळलं असतं?”

“सरकार काय करतं मग? सरकारी दवाखान्यात हिरवं पाकीट मिळतं, किट नंबर 2. आत सेकनिडॅझोल दोन ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल दीडशे. लक्षण ऐकायचं आणि पाकीट द्यायचं. बुरशी असो, व्हजायनोसिस असो की ट्रायको, एका दमात तिघांचा बंदोबस्त.”

“स्पेक्युलमने बघायची सोय असेल तिथे बघूनच द्यायचं, असं त्याच नियमावलीत आहे. सोय नसेल तिथे नाइलाज म्हणून ते पाकीट. आणि त्यात किती जणींच्या पोटात नको असलेलं औषध जातं याचा विचार करा. गोव्यातलं उदाहरण देते.”

गोव्यात हळदोणा भागात 18 ते 45 वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी झाली होती, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. 2005 साली ती प्रसिद्ध झाली. पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांमध्ये जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या दुखण्याशी, उदासीनतेशी, अंग मोडून आल्यासारख्या थकव्याशी त्या तक्रारीचं नातं जास्त घट्ट निघालं. “आपल्याकडेही हेच,” जाऊबाई म्हणाल्या. “बाई येते, ‘अंगावरून जातंय, हाडं झिजली, कंबर गेली.’ स्लाइड स्वच्छ. मग दार लोटून विचारलं की नवऱ्याची दारू निघते, झोप नाही हे निघतं. तिला फ्लुकोनॅझोल देऊन काय उपयोग? आणि तुम्ही विचारलं तरी दुकानात ती बोलणार आहे का?”

ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. इथे जाऊबाईंची सरशी झाली असं मला वाटलं. पण असा दरवाजा काही प्रत्येक डॉक्टरकडे लोटला जात नाही, हेही खरं. बहुतेक ओपीडीत पुढची पेशंट पडद्यापलीकडे बसलेली असते आणि तिला सगळं ऐकू येतं.

ताईंचा पुढचा मुद्दा मात्र बिनतोड होता. गेल्या उन्हाळ्यात एक पन्नाशीची बाई जाऊबाईंकडे येऊन गेली होती. बुरशीच होती, स्लाइडवर दिसली, योनीत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या दिल्या, बरं वाटलं. तीन आठवड्यांत पुन्हा तेच. पुन्हा औषध. तिसऱ्यांदा ती चिठ्ठी घेऊन ताईंच्या दुकानात आली, सोबत महिन्याची मधुमेहाची औषधंही घ्यायची होती.

“मी यादी बघितली. डापाग्लिफ्लोझिन नवीन. कधीपासून, विचारलं. म्हणाली, दोन महिने झाले. ही गोळी काय करते? रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते. 2020 साली पेटंट संपलं आणि ती इतकी स्वस्त झाली की आता प्रत्येक दुसऱ्या चिठ्ठीवर आहे. लघवीतून सतत साखर जातेय म्हटल्यावर बुरशीला खाऊ मिळणारच. हे तुमच्या तपासणीत का नाही आलं, वहिनी?”

“शुगर आहे हे मी लिहिलं होतं. गोळी बदललीय हे तिने सांगितलं नाही.”

“तिला काय माहीत दोन्हींचा संबंध आहे ते? तिच्या फिजिशियनला मी फोन केला.”

जाऊबाईंनी हे मान्य केलं, जरा नाखुशीनेच. मग दोघी एका बाजूला येऊन माझ्यावर तुटून पडल्या, कारण मी विचारलं की वारंवार होणाऱ्या बुरशीला दही लावलं तर? दह्यातले जिवाणू वेगळे, योनीतले वेगळे. दही लावून बुरशी जाते याला भरवशाचा पुरावा नाही. लसणाची पाकळी ठेवू नये, ती भाजते. तुरटीचं पाणी, डेटॉल, कडुलिंबाचा काढा आत सोडू नये. योनी आतून धुवायचीच नसते, बाहेरून साधं पाणी पुरतं. जाहिरातीतल्या ‘इंटिमेट वॉश’ची गरज नाही, असं जाऊबाई म्हणाल्यावर ताई म्हणाल्या, “त्यात मार्जिन बरं मिळतं, खोटं कशाला बोलू? पण मागितल्याशिवाय मी देत नाही.”

वारंवार म्हणजे किती? पूर्वी वर्षातून चार वेळा धरत, आता तीन वेळा झालं तरी वारंवार म्हणतात. अशा वेळी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी फ्लुकोनॅझोल, त्यानंतर आठवड्याला एक अशी सहा महिने. “आणि औषध बंद झाल्यावर निम्म्याहून अधिक जणींना सहा महिन्यांत परत होतं, हे आधीच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर बाई म्हणते डॉक्टर बदलूया.” कॅन्डिडा ग्लाब्राटा नावाचा एक हट्टी भाऊ आहे, तो फ्लुकोनॅझोलला फारसा जुमानत नाही. त्याला बोरिक अॅसिडच्या 600 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल योनीत ठेवाव्या लागतात, दोन-तीन आठवडे. पोटात गेलं तर ते विष आहे आणि गरोदर बाईला अजिबात चालत नाही. त्यामुळे असं औषध कल्चर हातात आल्यावर, डॉक्टरनेच द्यायचं. इथे ताईंनी हरकत घेतली नाही.

अँटिबायोटिकनंतर ही बुरशी का माजते हा प्रश्न निघाला तेव्हा माझ्या वाचनातली एक गोष्ट मी सांगितली, तेवढीच माझी भर. औषधाने घशातले जंतू मरतात तसे योनीतले लॅक्टोबॅसिलसही मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन सर्रास झाल्यावर डॉक्टरांच्या हे लक्षात येऊ लागलं आणि बुरशीवर मात्र धड औषधच नव्हतं. न्यूयॉर्कच्या राज्य आरोग्य प्रयोगशाळेत एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघी त्या शोधात होत्या. हेझन न्यूयॉर्क शहरात मातीचे नमुने तपासायच्या, काही हाती लागलं की बरणीत भरून टपालाने ऑल्बनीला पाठवायच्या. ब्राउन तिकडे त्यातलं रसायन वेगळं काढून परत टपालाने पाठवायच्या. व्हर्जिनियातल्या ओळखीच्या एका दुग्धशाळेच्या आवारातल्या मातीतून 1950 साली त्यांना निस्टॅटिन मिळालं. न्यूयॉर्क स्टेट म्हणून निस्टॅटिन. रॉयल्टीचे एक कोटी तीस लाखांवर डॉलर दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले. फ्लॉरेन्सला 1966 साली पूर आला तेव्हा भिजलेल्या चित्रांवरची बुरशी काढायलाही हेच औषध वापरलं.

“आपल्या बायकांची निकर टॉवेलखाली वाळते, तिच्यावर कोणतं औषध?” ताई म्हणाल्या. त्यांचं खरं आहे. पावसाळ्यात गॅलरीत दोरीवर शर्ट पुढे, साडी पुढे आणि आतले कपडे त्या साडीच्या पोटात, ओलेच. घट्ट सिंथेटिक कपड्यांमुळेच बुरशी होते याचा पुरावा तितका पक्का नाही, असं जाऊबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. पण ओल आणि घाम यांनी खाज वाढते, तेव्हा सुती आणि खडखडीत वाळलेलं घालायला काय हरकत आहे.

वाद पुन्हा पेटला तो मलमावरून. क्लोबेटासोलचं स्टेरॉइड, एक बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिक असं तिघांचं मिश्रण एका ट्यूबमध्ये. ‘खाजेची ट्यूब’ म्हणून घरोघरी असते आणि नवऱ्याच्या गजकर्णासाठी आणलेली बायको लावते. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, कातडी पातळ होत जाते आणि बुरशी आपली तिथेच. 2018 पासून अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, कागदावर. “ही तरी मी देत नाही,” ताई म्हणाल्या. “गिऱ्हाईक शिव्या घालून जातं.”

“मग गोळीलाही तोच नियम लावा की.”

“गोळी एकदा घेतल्याने कातडी पातळ होत नाही.”

“गोळी एकदा घेतल्याने काय होऊ शकतं सांगू? ती वॉरफरिनवर असेल तर रक्त आणखी पातळ होतं. ग्लिमेपिराइड घेत असेल तर साखर खाली येऊ शकते. दिवस गेलेले असतील तर पोटातून फ्लुकोनॅझोल द्यायचंच नाही, क्लोट्रिमॅझोल योनीत ठेवायचं, सात रात्री. आणि ट्रायकोमोनास असेल तर तुमच्या गोळीने तो हलणारही नाही, वर नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं ते राहून जाईल. बुरशीत नवऱ्याला काही त्रास नसेल तर औषध लागत नाही. तुम्ही काउंटरवरून नवऱ्याचं काय सांगता?”

“सांगते, त्याला खाज असेल तर त्यालाही पाठव. आणि क्लोट्रिमॅझोल ठेवलं असेल तर निरोधवर भरवसा ठेवू नको, मलमातल्या तेलाने रबर कमजोर होतं. बाकी योनीत ठेवायच्या गोळीचं म्हणाल तर एकीने ती दुधाबरोबर गिळली. तेव्हापासून मी पाकिटावर स्केचपेनने लिहिते, ‘खायची नाही’. तुमच्या चिठ्ठीवर ते इंग्रजीत असतं, वहिनी, आणि तेही तुमच्या अक्षरात.”

यावर मीही हसले. तोवर आतून चहाची फर्माईश आली होती, पण दोघींपैकी एकही उठेना.

मला पंच म्हणून विचारलंच, तर मी पहिल्या वेळेपुरती ताईंच्या बाजूने आहे. तरुण, गरोदर नसलेली, अँटिबायोटिकनंतर चोथ्यासारखा स्राव आणि खाज घेऊन आलेली बाई. तिला दहा-पंधरा रुपयांची एक गोळी मिळाली तर जगबुडी होत नाही. दुसऱ्या वेळेला माझा पाय जाऊबाईंकडे वळतो. हे मी बोलून दाखवलं तर दोघींनाही ते पटलं नाही.

“दोन महिन्यांत परत आली तर मी गोळी देणार नाही,” ताई म्हणाल्या. “एवढं मी मान्य करते. वास असेल, ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, दिवस गेले असतील, तर पहिल्यांदाही नाही.”

“पाळी जाऊन वर्ष झालेलीला, आणि स्रावात रक्ताचा अंश दिसतोय म्हणणारीलाही नाही. ती थेट माझ्याकडे. तिथे बुरशीचा विचार नंतर, कॅन्सरचा आधी.”

“पाठवीन. पण तुम्ही गुरुवारी दुपारी एक तास अशा बायकांसाठी मोकळा ठेवा. नंबर न लावता. आणि स्लाइडचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत.”

“स्लाइडचे मी आताही घेत नाही. गुरुवारी सिझेरियन निघालं तर?”

“तर ती बाई परत जाईल आणि पुन्हा येणार नाही. मग शुक्रवारी मी गोळी देईन.”

“देऊ नका म्हटलं तरी?”

“मी नाही दिली तर बाजारात आणखी सहा दुकानं आहेत, वहिनी.”